शिरोबिंदू, एक बिंदू आणि गृहीत धरलेला वक्र

कनिष्ठ महाविद्यालयाच्या वहीत हे उदाहरण तीन ओळींत संपते. अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा, शिरोबिंदू (२, ३) आहे, वक्र (४, ११) या बिंदूतून जातो, समीकरण काढा. विद्यार्थी य = अ(क्ष − क)² + ख हा साचा लिहितो, क आणि ख यांच्या जागी शिरोबिंदूचे निर्देशक भरतो आणि मग दिलेला बिंदू घालतो. ११ = ४अ + ३, म्हणून अ = २, आणि उत्तर य = २(क्ष − २)² + ३. दोन वजाबाक्या, एक वर्ग, एक भागाकार. एवढ्याशा आकडेमोडीला इतिहास तो काय असणार, असे वाटणे साहजिक आहे. पण ही रीत कुणा पाठ्यपुस्तककाराने परीक्षेसाठी काढलेली नाही. ग्रीक भूमितिकार, पादुआ विद्यापीठातला एक प्राध्यापक, युरोपातले तोफखान्याचे लोक, झुलत्या पुलांचे अभियंते आणि रेडिओ दुर्बिणी बांधणारे अशा अनेकांच्या हातून ती या ना त्या रूपात गेली आहे. त्यांचे अनुभव शेजारी शेजारी ठेवले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. या रीतीतली आकडेमोड कधीच अवघड नव्हती. अवघड होते ते उदाहरणातला पहिलाच शब्द, ‘अन्वस्ताचा’, लिहिण्याचा हक्क मिळवणे. ज्यांनी तो हक्क मिळवला त्यांचे समीकरण कामाला आले. ज्यांनी तो न मिळवताच वापरला त्यांची आकडेमोड अचूक राहिली आणि उत्तर मात्र मैलांनी चुकले.

हे असे का व्हावे, याचा हिशेब करता येतो. प्रतलावरचा एखादा अन्वस्त पुरता ठरायला चार स्वतंत्र अटी लागतात. शिरोबिंदू सांगितला की त्यांतल्या दोन भागतात. अक्षाची दिशा सांगितली की तिसरी भागते. वक्रावरचा आणखी एक बिंदू दिला की चौथी. गरज चारांची आणि माहितीही चारच, म्हणजे पडताळ्यासाठी हाती काहीच उरत नाही. मूळ वक्र लोंबत्या साखळीचा असो की वर्तुळाचा तुकडा असो, हे गणित कुरकुर न करता एक ‘अ’ काढून देते. त्यातही अक्ष उभा आहे ही अट बहुतेक वेळा कुणी उच्चारतही नाही. ती काढून घेतली तर त्याच शिरोबिंदूचे आणि त्याच बिंदूतून जाणारे असंख्य अन्वस्त काढता येतील. शिवाय ‘अ’ हा नुसता आकडा नसतो. फेकलेल्या गोळीच्या बाबतीत तो म्हणजे गुरुत्व त्वरण भागिले आडव्या वेगाच्या वर्गाची दुप्पट. झुलत्या पुलाच्या केबलमध्ये तो म्हणजे दर मीटरचा भार भागिले आडव्या ताणाची दुप्पट. आरशात तो म्हणजे एक भागिले शिरोबिंदू ते नाभी या अंतराची चौपट. एकाच अक्षरातून वेग, ताण आणि प्रकाश एकवटण्याची जागा अशा तीन गोष्टी वाचता येतात, पण वक्र खरोखरच अन्वस्त असेल तरच. नसेल तर ‘अ’ निघतो, आणि त्यातून वाचलेला वेग किंवा ताण खोटा असतो.

हा हक्क सर्वांत निर्वेधपणे मिळाला तो ग्रीकांना, कारण त्यांचा अन्वस्त निसर्गात सापडलेला नव्हता, व्याख्येतून आलेला होता. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात मेनेक्मसने घन दुप्पट करण्याच्या प्रश्नासाठी शंकूच्या छेदांचा आधार घेतला. पुढे, इ. स. पूर्व २०० च्या सुमारास, पर्गाच्या अपोलोनियसने शंकुच्छेदांवर आठ खंडांचा ग्रंथ रचला. त्यातले पहिले चार खंड ग्रीकमध्ये टिकले, पुढचे तीन अरबी भाषांतरामुळे वाचले आणि आठवा हरवला. पहिल्या खंडातल्या अकराव्या सिद्धान्तात अन्वस्ताचा मुख्य गुणधर्म येतो. वक्रावरच्या कुठल्याही बिंदूपासून अक्षावर लंब टाका. त्या लंबावरचा चौरस एका आयताएवढा असतो, आणि त्या आयताची एक बाजू म्हणजे शिरोबिंदूपासून लंबाच्या पायथ्यापर्यंतचे अंतर, तर दुसरी बाजू म्हणजे त्या अन्वस्तासाठी कायम राहणारी एक ठरावीक लांबी. बावन्नाव्या सिद्धान्तात अपोलोनियस उलट प्रश्न घेतो: अक्ष, शिरोबिंदू आणि ही ठरावीक लांबी दिली असता अन्वस्त कसा मिळवायचा. लांबीऐवजी वक्रावरचा एक बिंदू हाती असला, तर ती लांबी युक्लिडच्या प्रमाणाच्या रचनेने पट्टी-कंपासने काढता येते. वरच्या उदाहरणात लंब २ एकक आणि अक्षावरचे अंतर ८ एकक, म्हणून ठरावीक लांबी ४ भागिले ८, म्हणजे अर्धा एकक; आणि हा अर्धा म्हणजेच एक भागिले अ. शिरोबिंदू आणि एक बिंदू यांवरून सगळा वक्र हाती येतो, ही समज अशा रीतीने समीकरणाच्या चिन्हांपेक्षा १८०० वर्षांहून अधिक जुनी ठरते.

यावर इतिहासकारांकडून एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. साबेताई उंगुरू यांनी १९७५ साली लिहिलेल्या एका लेखात, ग्रीक भूमिती म्हणजे वेष बदललेले बीजगणित असे मानण्याच्या सवयीवर कडक टीका केली. ग्रीकांना चौरस म्हणजे चौरस होता, कुठल्या अक्षराचा वर्ग नव्हता. त्यांच्या विधानांना आजच्या चिन्हांचे कपडे चढवले की इतिहास लिहिला जात नाही, आपलेच प्रतिबिंब पाहिले जाते, असा त्यांचा रोख होता. व्हान डेर वार्डेन, फ्रॉइडेन्थाल आणि आंद्रे वेय यांच्यासारख्या नामांकित गणितज्ञांनी त्याला पुढच्या तीन वर्षांत तितकीच तिखट उत्तरे दिली. या वादात उंगुरूंची मुख्य गोष्ट मान्य करायला हवी: अपोलोनियसने समीकरण लिहिलेले नाही, आणि ‘एक भागिले अ’ हे आपण त्याच्या तोंडी घातलेले शब्द आहेत. पण इथला दावा चिन्हांचा नाही, कोणती माहिती पुरेशी आहे याचा आहे. शिरोबिंदू, अक्ष आणि एक लांबी एवढ्यावर अन्वस्त पूर्ण ठरतो हे अपोलोनियस स्वतःच सिद्ध करतो. त्यासाठी त्याला बीजगणितात ओढण्याची गरज नाही. उलट या आक्षेपाने मूळ मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ग्रीकांची खात्री शंकूतून येत होती. वक्र अन्वस्त आहे का, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच, कारण शंकू कापल्याशिवाय वक्र जन्मालाच येत नव्हता. चिन्हे आली तेव्हा शंकू बाजूला राहिला, आणि साचा मात्र कुठल्याही वक्रावर लावता येण्याइतका सुटा झाला.

निसर्गातल्या वक्राला अन्वस्त म्हणण्याचा हक्क कसा मिळवावा लागतो, हे गॅलिलिओच्या कागदांत दिसते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा आश्रयदाता गुइदोबाल्दो देल मोंते याने शाईत बुडवलेला गोळा उतरत्या पृष्ठभागावर तिरका फेकून त्याच्या मार्गाचा डाग पाहिला होता. तो मार्ग त्याला अन्वस्तासारखा किंवा अपास्तासारखा वाटला, आणि लोंबत्या दोरीसारखाही. ‘सारखा’ एवढ्यावर गॅलिलिओ थांबला नाही. फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या त्याच्या हस्तलिखितांच्या ७२ क्रमांकाच्या संग्रहात ११६ क्रमांकाचे एक पान आहे. स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाने ते १९७३ साली प्रकाशात आणले. त्यावरच्या नोंदी १६०८ च्या आसपासच्या मानल्या जातात. मांडणी अशी: उतारावरून गोळी सोडायची, टेबलाच्या कडेला ती आडव्या दिशेने सुटेल असे करायचे आणि जमिनीवर ती किती लांब पडते ते मोजायचे. टेबलाची उंची ८२८ पुंती. पुंतो हे माप एका मिलिमीटरहून किंचित लहान. गोळी आडवी सुटते, म्हणून टेबलाची कड हाच अन्वस्ताचा शिरोबिंदू, आणि पडण्याची जागा हा दिलेला बिंदू. ३०० पुंती उंचीवरून सोडलेली गोळी ८०० वर पडली. या एका मापावरून गॅलिलिओने बाकीची अंतरे प्रमाणाने काढली: ६०० साठी ११३१, ८०० साठी १३०६, ८२८ साठी १३३० आणि १००० साठी १४६०. प्रत्यक्ष मापे आली ११७२, १३२८, १३४० आणि १५००. फरक ४१, २२, १० आणि ४०. आजच्या शाळेतल्या प्रयोगशाळेलाही लाज वाटू नये असा हा मेळ आहे.

पण या पानाने नेमके काय सिद्ध झाले, हे काटेकोरपणे पाहायला हवे. पाचही गोळ्या एकाच खोलीवर, जमिनीवर पडल्या. म्हणजे प्रत्येक मार्गासाठी शिरोबिंदू एक आणि बिंदूही एकच. मधला मार्ग अन्वस्ताचा होता की आणखी कशाचा, हे या मापांतून कळणारच नाही. कळते ते एवढेच की उतारावर कमावलेला आडवा वेग हवेत कायम राहतो आणि तो उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वक्राचा आकार मिळायला दुसरी बाजू जोडावी लागते: पडणारी वस्तू वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात अंतर तोडते, हा उतारांवरच्या स्वतंत्र प्रयोगांतून आलेला नियम. आडवे अंतर वेळेच्या प्रमाणात, उभे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात. वेळ काढून टाकला की उरते ते अपोलोनियसचे चौरस आणि आयताचे नाते. गॅलिलिओने ते नाते आपल्या पद्धतीने वापरलेही. गोळीला सुटताना जेवढा वेग होता तेवढा मिळवायला ती शिरोबिंदूच्या वर किती उंचीवरून पडायला हवी, ही उंची तो अन्वस्तावरून काढतो. आजच्या भाषेत ती उंची म्हणजे शिरोबिंदू ते नाभी हे अंतर, अपोलोनियसच्या ठरावीक लांबीचा चौथा भाग. इथे एक मजेदार गोष्ट आहे. ८२८ पुंतींच्या टेबलावर ८२८ पुंतींच्या उतारावरून आलेली गोळी या हिशेबाने १६५६ वर पडायला हवी होती. ती १३४० वर पडली. कारण घरंगळणारी गोळी काही ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात खर्च करते, आणि ही गोष्ट त्या काळी कुणाला ठाऊक नव्हती. गॅलिलिओ पहिले माप पाया धरून बाकीची प्रमाणे तपासत गेला म्हणून निभावले. नुसत्या उताराच्या उंचीवर विसंबून त्याने वेग काढला असता, तर आकडेमोड बरोबर आणि निष्कर्ष चूक अशी गत झाली असती.

मार्ग अन्वस्ताचा असतो, हे छापून पहिल्यांदा सांगितले ते गॅलिलिओने नव्हे. त्याचा शिष्य बोनाव्हेंतुरा काव्हालिएरी याने १६३२ साली दाहक आरशांवरच्या पुस्तकात ते लिहून टाकले, आणि आपले वर्षानुवर्षांचे श्रेय गेले म्हणून गॅलिलिओ दुखावला. त्याचा स्वतःचा ‘दोन नव्या विज्ञानांविषयी संवाद’ लायडेनमध्ये १६३८ साली निघाला. त्याच गावात एक वर्ष आधी देकार्तची ‘भूमिती’ छापली गेली होती, जिच्यामुळे वक्र अक्षरांच्या समीकरणाने लिहिण्याची रीत रूढ झाली. फर्मा तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडत होता, पण ते लेखन छापले गेले १६७९ साली. एका गावात, एका वर्षाच्या अंतराने निघालेल्या या दोन ग्रंथांनी आजच्या उदाहरणाचे दोन अर्धे पुरवले, आणि त्यांची गाठ तेव्हा पडली नाही. गॅलिलिओच्या ग्रंथात समीकरण नाही. सगळे प्रमाणांच्या भाषेत चालते. देकार्तच्या ग्रंथात तोफगोळा नाही. चिन्हांनी रीत हलकी झाली, ती कुणालाही वापरता येऊ लागली, हा मोठाच लाभ. त्याबरोबर एक तोटाही आला. शंकू किंवा पडण्याचा नियम हातात नसतानाही साचा वापरता येऊ लागला.

त्याची किंमत पहिल्यांदा तोफखान्याने मोजली. गॅलिलिओने कोनानुसार पल्ल्याची कोष्टके दिली होती. तोरिचेल्लीने १६४४ साली ती आणखी विस्तारली. १६४७ मध्ये जिनोव्हाच्या रेनिएरी नावाच्या गृहस्थाने प्रत्यक्ष तोफा डागून पाहिल्या आणि पल्ले कोष्टकांशी जुळेनात, असे तोरिचेल्लीला कळवले. एका कोनावरच्या पल्ल्यावरून ठरवलेला अन्वस्त दुसऱ्या कोनाच्या माऱ्याला लागू पडत नव्हता. तोरिचेल्लीने दिलेल्या उत्तराचा आशय असा की आपले पुस्तक तत्त्वज्ञांसाठी आहे, गोलंदाजांसाठी नाही. उत्तर प्रामाणिक होते, पण त्यामुळे कोष्टके वापरायची थांबली नाहीत. जवळजवळ शंभर वर्षांनी, १७४२ साली, इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने तोफशास्त्राच्या नव्या तत्त्वांवरचे पुस्तक काढून प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. त्याने गोळी एका जड लोलकावर आदळवून लोलक किती हलतो त्यावरून तिचा वेग मोजला. म्हणजे वेग मार्गावरून न काढता स्वतंत्रपणे मिळवला. निष्कर्ष धक्कादायक होता. २४ पौंडांचा गोळा सेकंदाला सुमारे १६५० फूट वेगाने निघतो. अन्वस्ताच्या हिशेबाने ४५ अंशांवर त्याचा पल्ला १६ मैल भरायला हवा. प्रत्यक्षात तो ३ मैलांच्या आतच पडतो. हवेचा विरोध सुरुवातीला गोळ्याच्या वजनाच्या वीसपटींहून अधिक असतो. हाच हिशेब उलटा करून पाहावा. ३ मैलांच्या पल्ल्यावरून अन्वस्ताचा ‘अ’ काढला आणि त्यातून वेग वाचला, तर तो येतो सेकंदाला सुमारे ७०० फूट, खऱ्या वेगाच्या निम्म्याहूनही कमी. गणितात एकही चूक नसताना. युलरने १७४५ साली रॉबिन्सचे पुस्तक विस्तृत टिपांसह जर्मनमध्ये आणले, आणि वेगवान तोफगोळ्यांचे शास्त्र अन्वस्तापासून कायमचे दूर गेले.

दुसरा धडा साखळीने दिला, आणि तो अधिक सूक्ष्म आहे, कारण साखळी हवेत उडत नाही, समोर स्थिर लोंबते. गॅलिलिओने संवादाच्या दुसऱ्या दिवसात अन्वस्त काढण्याच्या दोन युक्त्या सांगितल्या आहेत: तिरप्या आरशावर गोळी फेकणे आणि दोन खिळ्यांवर साखळी लोंबत सोडणे. चौथ्या दिवशी तो थोडा सावध होतो. साखळी अन्वस्ताच्या अगदी जवळ जाते, आणि ती जितकी कमी लोंबेल तितकी अधिक, असे म्हणतो. १६४६ साली सतरा वर्षांच्या क्रिस्तियान हॉयगेन्सने मेर्सेनला पत्राने कळवले की साखळी अन्वस्त असूच शकत नाही. नकाराबरोबर त्याने अटही सांगितली: वजने आडव्या रेषेवर समान अंतराने वाटलेली असतील, तर मात्र दोरीचे बिंदू अन्वस्तावर पडतील. समान जाडीच्या साखळीत वजन लांबीच्या प्रमाणात वाटलेले असते, आडव्या अंतराच्या नव्हे, आणि सगळा फरक तिथून येतो. साखळीचा खरा वक्र मिळायला १६९१ साल उजाडावे लागले. याकोब बर्नूलीच्या आव्हानाला लायब्निट्स, हॉयगेन्स आणि योहान बर्नूली यांनी एकाच वर्षी उत्तर दिले. साखळीचा सर्वांत खालचा बिंदू आणि खिळा घेऊन अन्वस्त काढला तर तो त्या दोन्ही बिंदूंत चोख बसतो आणि मधे सुटतो. फक्त टोके पाहणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

इथे व्यवहारी माणूस म्हणेल, मधे सुटतो तो किती? जवळपासचे उत्तर चालत असेल तर हे सोवळे कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतच द्यायला हवे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचा मुख्य गाळा १२८० मीटरचा, आणि केबल मध्यभागी मनोऱ्यांच्या माथ्यापेक्षा सुमारे १४३ मीटर खाली येते. शिरोबिंदू मध्यावर, दिलेला बिंदू मनोऱ्याच्या माथ्यावर: अ = १४३ भागिले ६४० चा वर्ग, म्हणजे सुमारे ०.०००३५. आता त्याच टोकांतून आणि त्याच तळबिंदूतून नुसत्या वजनाने लोंबणाऱ्या साखळीचा वक्र काढला, तर मध्य आणि मनोरा यांच्या बरोबर मधोमध अन्वस्ताची उंची ३५.७५ मीटर येते, साखळीची सुमारे ३५.३. फरक अर्ध्या मीटरहूनही कमी. म्हणजे जवळपासचे उत्तर इथे खरेच चालते. पण ते चालते हे कळायला दोन्ही वक्र माहीत असावे लागतात. शिवाय पुलाच्या बाबतीत अन्वस्त हा नुसता सोयीचा अंदाज नाही. पुलाचा रस्ता आडव्या दिशेने जवळजवळ सारखा भार टाकतो, हॉयगेन्सची अट पूर्ण करतो. निकोलाउस फुस याने नेव्हा नदीवरच्या प्रस्तावित पुलाच्या निमित्ताने १७९४ साली हे गणित मांडले, आणि नाविए याने १८२३ च्या झुलत्या पुलांवरच्या ग्रंथात ते अभियंत्यांच्या हाती दिले. केबलचे स्वतःचे वजन असतेच, म्हणून खरा आकार दोन वक्रांच्या मधे राहतो. मुद्दा असा की इथला ‘अन्वस्त’ हा शब्द भाराच्या वाटणीने कमावलेला आहे, म्हणून त्याच ‘अ’ मधून ताण काढून केबलची जाडी ठरवता येते. तोफेच्या बाबतीत तेच जवळपासचे उत्तर पाचपटीने चुकले. जवळपासचे केव्हा पुरते हे साचा सांगत नाही, कारण सांगते.

तिसरा मार्ग आहे तो वक्र शोधण्याचा नसून घडवण्याचा, आणि त्याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्रातच उभे आहे. ग्रीक भूमितिकार दायोक्लीसने अन्वस्ताकार आरसा सूर्याचे किरण एका बिंदूत आणतो हे सिद्ध केले आणि हव्या त्या अंतरावर किरण एकवटणारा आरसा घडवण्यासाठी वक्रावरचे बिंदू कसे मिळवायचे तेही सांगितले. त्याचा ग्रंथ अरबी भाषांतरातून उरला. तो १९७६ साली टूमर यांनी संपादित करून छापला. दायोक्लीसचे काम शाळेतल्या उदाहरणाच्या उलट दिशेचे आहे: ‘अ’ आधी ठरवायचा, बिंदू मग काढायचे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या तीस तबकड्या याच दिशेने बनल्या. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, नाभी शिरोबिंदूपासून १८.५४ मीटरवर. तेवढ्यावरून कडेची उंची ठरते: २२.५ चा वर्ग भागिले ७४.१६, म्हणजे सुमारे ६.८ मीटर. पण गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तबकडी गुळगुळीत अन्वस्ताची केलीच नाही. ताणलेल्या तारांच्या दोरखंडांवर पातळ पोलादी जाळी बसवली. लहान लहान सपाट तुकड्यांतून अन्वस्ताचा आभास तयार केला. वजन आणि खर्च दोन्ही उतरले. हे चालते, कारण दुर्बिणीच्या कामातली सर्वांत लहान तरंगलांबी २१ सेंटिमीटरच्या आसपास आहे, आणि पृष्ठभागातली चूक तरंगलांबीच्या विसाव्या भागाच्या घरात राहिली तर लहरी नाभीत नीट जमतात. किती चूक सोसेल याचा हिशेब आधी, आणि वक्राशी केलेली तडजोड नंतर.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यापक आहे. कुठलेही उपयोजित गणित काही ना काही गृहीत धरतेच. दोन बिंदूंतून रेषा काढणाराही ती रेषा आहे हे धरूनच चालतो, मग बिचाऱ्या अन्वस्तावरच खटला का? खटला त्याच्यावर नाही, माहिती आणि अटी यांच्या बरोबरीवर आहे. रेषेलाही तेच लागू आहे, आणि अन्वस्ताचा इतिहास महत्त्वाचा अशासाठी की त्यात ही बरोबरी फोडणाऱ्या माणसांची नावे आणि साले आपल्याला माहीत आहेत. गॅलिलिओने एकाऐवजी पाच उंचींवरून गोळी सोडली. रेनिएरीने दुसऱ्या कोनावर तोफ डागली. हॉयगेन्सने टोकांचा विचार सोडून मधल्या कड्यांवरची वजने पाहिली. रॉबिन्सने मार्गाला न विचारता लोलकाला वेग विचारला. प्रत्येक वेळी ज्ञान पुढे गेले ते गरजेपेक्षा जास्त असलेल्या एका मोजमापामुळे. आजच्या वर्गात हे आणायला फार काही लागत नाही. समीकरण काढून झाल्यावर वक्रावरचा म्हणून आणखी एक बिंदू द्यावा आणि तो समीकरणात बसतो का, नसेल तर कितीने चुकतो आणि का, असे विचारावे. तिथे विद्यार्थ्याला भागाकाराने सुटणार नाही असा प्रश्न पहिल्यांदा भेटेल, आणि त्याचे उत्तर द्यायला त्याला गोळी, साखळी किंवा पूल यांच्याबद्दल काहीतरी खरे माहीत असावे लागेल.